एआयकडून वजाबाकीची उदाहरणं मागताना आधी मुलाची चूक सांगा

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथीला एकत्र शिकवते. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याच्या हातात सरावाचं काहीतरी द्यावंच लागतं, म्हणून मोबाइलवर एआयकडून उदाहरणं मागायला लागले. पहिल्यांदा लिहिलं होतं, "तिसरीसाठी वजाबाकीची १० उदाहरणं दे." आली ती ५८ − २३ छापाची, सगळी बिनहातच्याची. शाब्दिक उदाहरणात मॉल आणि पिझ्झा. माझ्या पोरांना ती दोन मिनिटांत आली आणि त्यातून कुणीच नवं काही शिकलं नाही.

त्यात एआयचं काही चुकलं नव्हतं. माझी मुलं कुठे अडतात हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. इयत्ता, विषय, संख्या एवढं सगळेच लिहितात. माझ्या अनुभवात खरा फरक पडला तो मुलाची चुकलेली वही समोर ठेवून प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहायला लागल्यावर.

३०२ − १४५ घ्या. उत्तर १५७. एका मुलीने २४३ लिहिलं, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, वर कोण आणि खाली कोण हे पाहिलंच नाही. दुसऱ्याने १६७ लिहिलं. त्याला हातचा घेता येतो, पण शतकाकडून घेतलेल्या दहा दशकांपैकी एक एककाला दिल्यावर दशकाच्या घरात ९ उरतात, हे तो विसरला. दोघांचीही उत्तरं चूक, पण दोघांना लागणारा सराव वेगळा. दुसऱ्या मुलासाठी मी असं लिहिलं:

"मी तिसरीची शिक्षिका आहे. मुलाला तीन अंकी हातच्याची वजाबाकी येते, पण वरच्या संख्येत दशकाच्या घरी शून्य असलं की तो चुकतो. ३०२ − १४५ चं उत्तर तो १६७ काढतो, कारण शून्याच्या जागी ९ ऐवजी १० धरतो. त्याच्यासाठी ६ उदाहरणं दे. ४ मध्ये दशकाच्या घरी शून्य असावं आणि हातचा लागावा, २ बिनहातच्याची असावीत. पहिलं उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखव. शाब्दिक उदाहरणांत एसटी, भाताची पोती, शाळेतली रोपं असे विषय घे. वाक्यं छोटी ठेव. एकक, दशक, शतक, हातचा हेच शब्द वापर. उत्तरं शेवटी वेगळी दे आणि प्रत्येकाचा ताळा लिही."

बिनहातच्याची दोन मुद्दाम मागते. सगळीकडे हातचाच लागला तर मूल विचार न करता प्रत्येक वेळी हातचा घेत सुटतं. मध्येच एखादं साधं आलं की थांबून पाहावं लागतं.

शब्दांची यादी देणंही गरजेचं. नाहीतर मराठीत हिंदी मिसळते. एकदा इकाई-दहाई आलं, अपूर्णांकाच्या पानावर छेदाऐवजी 'हर' आलं. पाठ्यपुस्तकात नसलेला शब्द दिसला की मुलाला गणिताआधी त्या शब्दाचंच कोडं पडतं.

पहिल्या उत्तरावर थांबू नका, आणि पुन्हा पहिल्यापासूनही लिहू नका. त्याच संभाषणात नेमकं सांगा: "उदाहरण ३ मध्ये दशकाच्या घरी शून्य नाही, ते बदल. बाकीची तशीच ठेव." "अजून चांगलं कर" म्हटलं की चांगली जमलेली उदाहरणंही बदलून येतात.

चूक का झाली हे आपल्यालाच कळत नसेल तर तेही विचारता येतं. मुलाचा प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं लिहा आणि विचारा, "हे उत्तर कोणकोणत्या चुकांमुळे येऊ शकतं? प्रत्येक शक्यता करून दाखव." मग मुलाला जवळ बसवून तोंडी सोडवायला लावा, कारण नक्की काय झालं ते त्याच्याच तोंडून कळतं. मुलाचं नाव, आधार क्रमांक, घरची माहिती मात्र प्रॉम्प्टमध्ये कधीच घालू नये. "एक मुलगा" एवढं पुरतं.

ताळा मागितला तरी छापण्याआधी मी प्रत्येक उत्तर स्वतः करून बघते. एआय चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे लिहितं, आणि फळ्यावर गेलेली चूक पोरांच्या डोक्यातून काढायला आठवडा जातो.

वजाबाकीचा तो प्रॉम्प्ट मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवलाय. चौथीच्या गुणाकाराला इयत्ता, घटक आणि चुकीची ओळ तेवढी बदलते. सध्या तिथे लिहिलंय: "४०६ × ३ चं उत्तर मुलगी १३८ काढते, मधलं शून्य सोडून देते."