आजारानंतर फिशटँक आणि त्यातल्या वनस्पती कशा निर्जंतुक कराव्यात

टँकमधले मासे पटापट मेले की पहिला हात ब्लीचच्या बाटलीकडे जातो. आधी मासे कशाने गेले ते आठवा, कारण सगळ्या आजारांना ब्लीच लागत नाही.

अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके होते? तो 'इक' हा परजीवी. त्याला जगायला मासाच लागतो. उरलेले मासे उपचारासाठी दुसरीकडे हलवा, टँकचं पाणी हीटरने २७-२८ अंशांवर ठेवा आणि दोन आठवडे त्यात एकही मासा सोडू नका. वनस्पती, फिल्टर, रेती सगळं जागच्या जागी राहू द्या. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर नसेल तर महिनाभर थांबा. गार पाण्यात या परजीवीचं जीवनचक्र लांबतं.

मासे आठवडेच्या आठवडे खंगत गेले, पाठ वाकडी झाली, अंगावर जखमा झाल्या, तर माशांचा क्षय म्हणजे मायकोबॅक्टेरियमची शंका घ्या. हा जिवाणू क्लोरीनला सहज दाद देत नाही. इथे जीव अडकवू नका: वनस्पती, रेती, स्पंज टाकून द्या. धुतलेली काच ७० टक्के अल्कोहोलने पुसा. जवळ ज्योत किंवा चालू विजेचं उपकरण नको. हातावरच्या छोट्या जखमेतून हा आजार माणसालाही होतो, म्हणून रबरी हातमोजे घालाच. पुढे हातावर बरी न होणारी गाठ आली, तर घरात फिशटँक आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तोंडाजवळ कापसासारखे चट्टे, पर कुजणं अशा आजारांनंतर मात्र ब्लीच कामाचं. साधं, सुगंध आणि साबण नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट घ्या आणि लेबलवरची टक्केवारी वाचा. आधी टँक रिकामा करून शेवाळ, गाळ, चिकट थर घासून काढा, कारण घाणीत क्लोरीन वाया जातो. मग टँक पाण्याने भरून ४ टक्क्यांचं ब्लीच लिटरला ५ मिली या हिशेबाने टाका. जाळी, पाइप त्यातच बुडवा आणि तासभर ठेवा. लाकूड यात घालू नका, ते ब्लीच शोषून घेतं. लाकूड वेगळ्या साध्या पाण्यात उकळून घ्या. हे काम गॅलरीत किंवा खिडकी उघडी ठेवून करा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळलं तर विषारी वायू होतो. ब्लीचचं पाणी ओतायच्या मोरीतही आधीचं क्लीनर नको.

आता क्लोरीन काढायचा. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे लागतात. दुकानात नुसतं 'हायपो' मागू नका. मासे पाळणारे थायोसल्फेटला हायपो म्हणतात आणि दवाखान्यात हायपो म्हणजे नेमकं ब्लीच! पूर्ण नाव सांगून घ्या. टँक दोन-तीनदा धुवा, लिटरला दीड ग्रॅम थायोसल्फेट घातलेल्या पाण्याने भरून ठेवा, पुन्हा धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. वास येत असेल तर हीच फेरी परत करा.

वनस्पतींना फार जपावं लागतं. अनुबियास, जावा फर्न अशा जाड पानांच्या झाडांना एक भाग ब्लीच आणि १९ भाग पाणी अशा द्रावणात दोन मिनिटं बुडवा, नाजूक देठाच्या झाडांना जेमतेम एक मिनिट. घड्याळ लावूनच बसा. लगेच वाहत्या पाण्यात धुवून थायोसल्फेटच्या पाण्यात ठेवा. मॉस आणि वॅलिसनेरिया ब्लीच सोसत नाहीत. त्यांच्यासाठी पोटॅशियम परमँगनेट: एक ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली १० लिटर पाण्यात घाला आणि झाडं १० ते २० मिनिटं ठेवा. पाणी जांभळट-गुलाबीचं तपकिरी झालं की औषध संपलं. तरीही काही पानं पिवळी पडतील. ती खुडा, मुळं-देठ टणक असतील तर नवी पालवी येते.

ब्लीचमध्ये गेलेल्या फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. त्यामुळे नवा स्पंज लावा, वनस्पती ठेवा, आणि थोडा अमोनिया देऊन टँक पुन्हा 'सायकल' होऊ द्या, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे ते उपयोगी जिवाणू पुन्हा वाढू द्या. त्याला सहसा चार ते सहा आठवडे जातात. दिलेला अमोनिया एका दिवसात संपून टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की निम्मं पाणी बदला आणि मग पहिला मासा आणा.