घास पिवळा पडला? ‘व्हायरस’ म्हणण्याआधी या चुका टाळा

लसूणघासात, म्हणजे अल्फाल्फा या चाऱ्याच्या पिकात, पिवळं पान दिसलं की ‘व्हायरस आला’ म्हणायची घाई होते. आधी पान तोडून हातात घ्या आणि पिवळेपणा नेमका कुठं आहे ते बघा. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तर शेंड्याची पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्याच राहतात. पालाश (पोटॅश) कमी असेल तर पानाच्या कडेनं पांढुरके ठिपके येतात. अल्फाल्फा मोझॅक विषाणूचं काम एवढं नेटकं नसतं. शिरांच्या मधे वेडेवाकडे, भडक पिवळे चट्टे. कधी एका देठावरच्या तीन पानांतलं एक रंगलेलं आणि शेजारची दोन जवळजवळ साफ.

थंडीत केवडा हा बुरशीसारखा रोग हमखास फसवतो, कारण वरून डाग तसेच फिकट पिवळे. सकाळी लवकर जाऊन पान उलटं करा. खाली करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो केवडा. शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल, तर तेही आधी विचारून घ्या. त्याच्या वाफेनंही घासाची पानं वेडीवाकडी होतात.

सगळ्यात मोठी फसगत उन्हाळ्यात होते. कापणीनंतर नवा फुटवा हिरवागार येतो आणि आपण फवारणीला श्रेय देतो. खरं तर उष्णतेत लक्षणं लपतात, विषाणू झाडातच असतो. अशा प्लॉटचं बी घरी राखलं की तो पुढच्या पेरणीतही जातो, कारण हा विषाणू बियातून पसरतो. मावा ही रस शोषणारी कीडही त्याला नेते, तेही काही सेकंद सोंड खुपसून. कीटकनाशकानं मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते.

लॅबला लोक सगळ्यात वाईट दिसणारं, म्हणजे वाळलेलं पान पाठवतात. ते उपयोगाचं नाही. चट्टे असलेली कोवळी पानं चार-पाच झाडांवरून घ्या, निरोगी झाडाची वेगळ्या पिशवीत, आणि गारव्यात ठेवून लगेच पोहोचवा. एलायझा ही चाचणी असो की कोरोनात पाठ झालेली आरटी-पीसीआर, ज्या विषाणूची चाचणी लावली तेवढाच सापडतो. म्हणून ‘निगेटिव्ह’ आलं, तर कशासाठी निगेटिव्ह, हे लॅबला विचारा.