२९७ वर्षं गायब? कालगणनेच्या दाव्याचा ताळा असा घ्या

इतिहासात कुणीतरी शतकं घुसवली, अमुक प्रलयानंतरच्या सगळ्या तारखा चुकल्या, इजिप्तचे राजे तीनशे वर्षं अलीकडे ओढायला हवेत: असे दावे अधूनमधून फिरत असतात. वाद घालण्याआधी ताळा घ्यावा. त्याला कागद, पेन्सिल, घरातलं पंचांग आणि आकाश दाखवणारं, फुकट मिळणारं स्टेलारियम हे सॉफ्टवेअर एवढं सामान पुरतं. सरावाला जर्मन लेखक हेरिबर्ट इलिग यांचा दावा सगळ्यांत सोयीचा, कारण त्यात आकडा स्वच्छ आहे. त्यांच्या मते इ.स. ६१४ ते ९११ ही २९७ वर्षं घडलीच नाहीत. सम्राट तिसरा ऑटो आणि पोप दुसरा सिल्वेस्टर यांनी इ.स. १०००च्या सुमारास ती कॅलेंडरात घुसवली.

पहिलं काम म्हणजे दावा आकड्यांत उतरवणं. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, किती वर्षं, कोणत्या दिशेला आणि पृथ्वीच्या कोणत्या भागात, हे एका ओळीत लिहा. ही ओळ लिहिता आली नाही, तर तपासायला काही नाही, तिथेच थांबा. खूप गाजलेले अनेक दावे या पायरीवरच अडतात. इलिग यांचा अडत नाही, ही त्यांची जमेची बाजू.

आता दाव्याचा मुख्य पुरावा घ्या आणि तेच गणित स्वतः करा. ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं, सूर्याचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं. फरक ०.००७८ दिवसांचा, म्हणजे साधारण १२८ वर्षांत एक दिवस. सीझरचं कॅलेंडर इ.स.पू. ४५ मध्ये सुरू झालं. तिथपासून १५८२ पर्यंत १६२६ वर्षं होतात (इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य वर्ष नाही, म्हणून बेरजेतून एक वजा). १६२६ भागिले १२८ म्हणजे १२.७ दिवस. पोप तेराव्या ग्रेगरीने मात्र १० दिवसच गाळले: १५८२ च्या ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. जवळजवळ तीन दिवस कमी पडले, म्हणजे तीनेक शतकं जादा मोजली गेली, असा इलिग यांचा युक्तिवाद.

भागाकार बरोबर आहे. चूक आहे ती मोजायला कुठून सुरुवात केली यात. ग्रेगरीला वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) २१ मार्चला परत आणायचा होता, कारण इ.स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेच्या काळात तो त्या तारखेला धरला जाई. सीझरच्या वेळी तो २३ मार्चच्या आसपास होता. आता १५८२ वजा ३२५ म्हणजे १२५७; भागिले १२८ म्हणजे ९.८. दहा दिवस गाळले ते बरोबरच होतं. कुठलाही कालगणनेचा हिशोब बिघडलेला दिसला, की आधी आरंभबिंदू तपासायचा. निम्म्या वेळा गाठ तिथेच सुटते.

पुढची पायरी आपल्याला घरबसल्या करता येते. पंचांगाच्या पहिल्या पानावरचं गतकलीचं वर्ष घ्या आणि त्यातून शक वजा करा. ३१७९ येईल. ३१८० आलं तर घाबरू नका: एक वर्ष गत (पूर्ण झालेलं) छापलंय आणि दुसरं वर्तमान (चालू). आता कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरचा दुसऱ्या पुलकेशीचा शिलालेख पाहा. रवीकीर्ती कवीने त्यात भारतीय युद्धानंतरची (म्हणजे कलीचीच) ३७३५ वर्षं आणि शकाची ५५६ वर्षं, असे दोन्ही आकडे दिले आहेत. वजाबाकी करा: ३१७९.

इथे बरेच जण उडी मारून ‘सिद्ध झालं’ म्हणतात. झालेलं नाही. यातून एवढंच कळतं, की दोन्ही मोजण्या एकमेकींना धरून चालल्या आहेत. दोन्हींत सारखीच २९७ वर्षं घुसवली असती तरी फरक ३१७९ च राहिला असता. आणि भारतीय युद्ध खरोखर तेव्हा झालं का, हा तर वेगळाच प्रश्न. ऐहोळेचा उपयोग दुसऱ्या तऱ्हेने होतो. शक ५५६ अधिक ७८ म्हणजे इ.स. ६३४, अगदी ‘गायब’ काळाच्या पोटात. त्याच पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात, इ.स. ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग आला, आणि ६४५ मध्ये तो चीनच्या राजधानीत परतल्याची नोंद तिथल्या राजवर्षांनी झाली. शक आणि चिनी राजवर्षं या दोन स्वतंत्र मोजण्या एका माणसापाशी भेटतात. पुढे सामानगडचा राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट शक ६७५ चा. कान्हेरीच्या लेण्यांतले शिलाहारांच्या काळचे लेख शक ७७५ आणि ७९९ चे. २९७ वर्षं काढायची तर बदामीचे चालुक्य बहुतेक जातात आणि राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष तर संपूर्ण जातो. वेरूळचं कैलास लेणं मग कुणी कोरलं, हा हिशोब तिसऱ्या ऑटोकडे मागायचा!

शकाचं इसवीत रूपांतर करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. आणि लेखात वर्ष गत आहे की वर्तमान हे सांगितलेलं नसेल, तर एका वर्षाची फट सोडूनच ठेवायची. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील तर ती फट बहुधा बुजवता येते.

आता आकाशाकडे. हॅलेचा धूमकेतू इ.स. ६०७, ६८४, ७६०, ८३७ आणि ९१२ मध्ये आला. चिनी नोंदींत या खेपा आहेत, आणि ८३७ च्या एप्रिलमध्ये तो पृथ्वीपासून सुमारे पन्नास लाख किलोमीटरवरून गेला. अंतरं मांडा: ७७, ७६, ७७, ७५. इलिग यांची २९७ वर्षं काढून टाका. मधल्या तीन खेपा जातात, आणि ६०७ व ९१२ मधलं अंतर ३०५ वरून आठ वर्षांवर येतं. पंचाहत्तर वर्षांच्या फेऱ्याचा धूमकेतू आठ वर्षांत परत यायला हवा. गुरू-शनीच्या ओढीने त्याची फेरी तीन-चार वर्षं मागेपुढे होते, सदुसष्ट वर्षं नाही.

स्टेलारियम वापरताना काळजी घ्या. त्यात इ.स.पू. वर्षं खगोलीय पद्धतीने लिहितात: इ.स.पू. १ म्हणजे ०, इ.स.पू. ४५ म्हणजे उणे ४४. कलियुगारंभाचं इ.स.पू. ३१०२ हवं असेल तर उणे ३१०१ टाका. या एका वर्षाच्या चुकीने महाभारताच्या तारखांची कितीतरी गणितं आडवी झाली आहेत. १५८२ आधीच्या तारखा ज्युलियन असतात हेही ध्यानात असू द्या. धूमकेतूची आजची कक्षा घेऊन सातव्या शतकातली जागा काढू नका, ती भलतीच येते. सूर्यग्रहणाचं आणखी नाजूक. पृथ्वीचं फिरणं मंदावत आलंय, इ.स. ८०० साठी घड्याळातला साठलेला फरक पाऊण तासाहून जरा जास्त आहे, आणि तासाला १५ अंश या दराने खग्रास पट्टा बारा-एक अंश रेखांशाने सरकतो. म्हणून ग्रहण ‘त्या गावी दिसलं का’ यावर दावा टेकवू नये. ‘त्या दिवशी झालं का’ एवढंच विचारावं.

झाडांच्या खोडात दरवर्षी पडणाऱ्या कड्यांवरूनही वर्षं मोजतात. त्यावर आक्षेप असा असतो, की तुकडे एकमेकांना जोडून साखळी बनवलेली, म्हणजे जोडणाऱ्याने हवी तशी जोडली. आक्षेप समजून घ्यायचा तर एक साखळी हाताने मोजून पाहा. वखारीतून सागाची आडवी चकती आणा. सागाच्या कड्या वर्षागणिक स्पष्ट पडतात. ८०, १२०, २२०, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, याच क्रमाने. ८० चे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही, नाहीतर बारीक कड्या ओरखड्यांत हरवतात. दहापट भिंगाखाली सालीकडून गाभ्याकडे मोजा. दर दहाव्या कडीवर एक ठिपका, पन्नासाव्यावर दोन, शंभराव्यावर तीन. मग त्याच चकतीवर दुसऱ्या त्रिज्येने परत मोजा. दोन्ही मोजण्या पहिल्याच वेळी जुळल्या तर नशीब. बहुधा एक-दोन कड्यांचा फरक निघतो: कुठे वाईट वर्षात कडी अर्ध्याच घेरावर धरली, कुठे पावसाने मध्येच दडी मारली आणि एका वर्षाच्या दोन दिसल्या. खोटी कडी भिंगाखाली ओळखू येते, तिची बाहेरची कड विरघळल्यासारखी असते, खरीची धारदार. एकट्या झाडावर कुणी विसंबत नाही ते यामुळेच. पण ध्यानात घ्या, चूक निघते ती एका-दोन वर्षांची. २९७ कड्या नजरचुकीने वाढत नाहीत.

साखळीचा सगळा संशय एका घटनेने फिटतो. इ.स. ७७४-७७५ मध्ये वातावरणातलं कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) एका वर्षात सव्वा टक्क्याने उसळलं. जपानी सीडरच्या कड्यांत हे फुसा मियाके आणि सहकाऱ्यांना सापडलं, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. मग जर्मन ओक, कॅलिफोर्नियाचा ब्रिसलकोन पाइन, सायबेरियाचा लार्च, न्यूझीलंडचा काउरी, जिथे पाहावं तिथे उसळी त्याच कडीत. चार खंडांतल्या मोजणाऱ्यांनी वेगवेगळ्या झाडांवर आजपासून मागे मोजलं आणि सगळे एकाच वर्षी पोचले. तेही ‘न घडलेल्या’ वर्षी.

कार्बन-१४ च्या तारखा थेट वापरायच्या असतील तर अहवालातला ‘३३५० ± २०’ हा आकडा १९५० मधून वजा करून मोकळे होऊ नका. ते कॅलेंडरचं वर्ष नाही. ऑक्सकॅल या सॉफ्टवेअरमध्ये टाकून, वय माहीत असलेल्या कड्यांवरून काढलेल्या वक्रावर बसवावं लागतं. कशाची तारीख काढली हेही बघा. तुळईच्या गाभ्याची तारीख इमारतीची नसते, दोनशे वर्षं आधीची असू शकते. जळलेलं धान्य उत्तम. समुद्री शिंपला साधारण चारशे वर्षांनी जुना दिसतो. आणि ‘नमुने भेसळीचे होते’ असं कुणी म्हटलं तर भेसळ मोजा: १ टक्का मृत (कार्बन-१४ संपलेल्या) कार्बनने तारीख ८० वर्षांनी जुनी होते. २९७ वर्षांसाठी साडेतीन टक्क्यांहून जास्त भेसळ लागेल, प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रत्येक नमुन्यात, तेवढीच.

खरा वाद कसा दिसतो ते ग्रीसच्या थेरा बेटावर पाहा. तिथल्या महाउद्रेकाला इजिप्तशी जुळणाऱ्या मडक्यांवरून इ.स.पू. १५०० च्या आसपासचा काळ दिला जाई. राखेत गाडलेल्या ऑलिव्हच्या फांदीने २००६ मध्ये १६२७ ते १६०० असं उत्तर दिलं. वर टाकलेला ३३५० त्याच काळातला आहे, आणि ऑक्सकॅलमध्ये तो एका शिखरावर न बसता दोन शतकांत तुकड्यातुकड्यांनी पसरतो, कारण तिथे वक्र सपाट आहे. २०१८ मध्ये वर्षावर्षाच्या कड्यांची मोजमापं आली आणि पारडं पुन्हा इ.स.पू. सोळाव्या शतकाकडे सरकलं. भांडण शंभर वर्षांचं आहे, आणि कोणत्या मोजमापाने ते मिटेल हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

प्रलयाने तारखा चुकल्या म्हणणाऱ्यांचा एक आकडा तर खराही निघाला. इ.स. ५३६ मध्ये सूर्य महिनोन्महिने मंद राहिला, झाडांच्या कड्या आक्रसल्या. पण ग्रीनलंडच्या बर्फात ज्वालामुखीचं आम्ल ५२९ आणि ५३३-५३४ च्या थरांत दिसत होतं. मेळ बसेना. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले मायकेल बेली धूमकेतूकडे बोट दाखवत असत, पण २००८ मध्ये त्यांनी सरळ लिहिलं, की सातव्या शतकाआधीची बर्फाची मोजणीच सात वर्षांनी चुकली आहे. २०१५ मध्ये ७७५ ची तीच उसळी बेरिलियम-१० या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या रूपात बर्फात शोधली गेली आणि थर सुमारे सात वर्षांनी सरकवावे लागले. आम्ल ५३६ आणि ५४० वर येऊन बसलं, धूमकेतूची गरज उरली नाही.