‘कुठलं ब्रीड हो हे?’ अनोळखी माणसांना उत्तर देताना या चुका टाळा

कुत्रा सोबत असला की अनोळखी माणसं आपणहून बोलायला येतात आणि सुरुवात बहुतेक वेळा ब्रीडपासून होते. पण विचारणाऱ्याला खरंच ब्रीडचं नाव हवं असतं, असं क्वचितच घडतं. कुणाच्या घरी लहानपणी तसाच कुत्रा होता. कुणाला हात लावायचा असतो, पण एकदम कसं विचारायचं म्हणून तो आडून येतो. कुणाला भीती वाटत असते आणि बाजूने जाण्याआधी अंदाज घ्यायचा असतो. कुणाच्या घरी पिल्लू आणायची चर्चा चालू असते. आपण ब्रीडचं नाव सांगून मोकळे होतो आणि समोरच्याला नेमकं काय हवंय ते पाहायचं राहून जातं. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

नाव चुकलं की लगेच दुरुस्ती

“हस्की ना?” असं कुणी कौतुकाने विचारावं आणि आपण “नाही, मॅलम्यूट” म्हणून चालू लागावं, यात समोरच्याच्या पदरात फक्त चुकल्याची लाज पडते. हस्कीचा नर साधारण २० ते २७ किलोचा असतो, मॅलम्यूटचा ३८ किलोच्या आसपास. हस्कीचे डोळे निळे असू शकतात, मॅलम्यूटचे तपकिरीच असायला हवेत. पण ज्याने हे दोन्ही कुत्रे शेजारी शेजारी कधी पाहिलेले नाहीत, त्याला हे कसं कळावं? “खूप जणांना हस्कीच वाटतो, दिसतातही सारखे. हा मॅलम्यूट, अंगाने जरा थोराड,” एवढं म्हटलं तरी दुरुस्ती होते आणि बोलणंही पुढे जातं. मॅलिनॉइसला (जर्मन शेफर्डसारख्या दिसणाऱ्या बेल्जियन कुत्र्याला) जर्मन शेफर्ड समजणाऱ्यांशीही असंच बोलावं.

कधी कधी तर चूक त्यांची नसतेच. वयस्कर माणसं जर्मन शेफर्डला हटकून अल्सेशियन म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मनीचं नाव नकोसं झालं, तेव्हा या कुत्र्यांना अल्सेशियन म्हणू लागले आणि तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, १९७७ साली जुन्या नावाला पुन्हा मान्यता दिली. म्हणजे आजोबा बरोबरच बोलत असतात. त्यांना “हो, तोच” असं उत्तर द्यावं.

डॉबरमनचंही तसंच. पडलेले कान आणि लांब शेपूट बघून लोक म्हणतात, “हा कसला डॉबरमन?” डॉबरमन जन्मतः असाच असतो. उभे कान आणि आखूड शेपूट माणसाने कापून केलेली असतात आणि अनेक देशांत आता त्यावर बंदी आहे. हे चिडून सांगितलं तर भांडण होतं. “याचे कान कापलेले नाहीत, म्हणून वेगळा दिसतो,” असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला काहीतरी नवं कळतं आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या कुणाला तेच सांगतो.

आणखी एक. “आमच्याकडेही असाच होता” असं कुणी म्हणालं, की त्यांचा कुत्रा खरंच आपल्यासारखा होता का, याची तपासणी करू नका. त्यांचा टॉमी गोल्डन रिट्रीव्हर नसून आणखी कुणी असेल. “काय नाव होतं त्याचं?” असं विचारा. गेलेल्या कुत्र्याचं नाव मोठ्याने उच्चारायची संधी फार कमी लोकांना मिळते. त्यासाठी दोन मिनिटं थांबणं ही मोठी गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं.

मिश्र जातीच्या कुत्र्याला ठोकून दिलेलं नाव

कुत्रा दत्तक घेतलेला असतो, आईबाप माहीत नसतात. विचारणाऱ्याला मात्र नाव हवं असतं. मग आपण “लॅब मिक्स” किंवा “शेफर्ड क्रॉस” असं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. यात कुणाचं काय बिघडलं, असं वाटेल. पण दिसण्यावरून केलेले असे अंदाज फार वेळा चुकतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दत्तक गेलेल्या २० मिश्र कुत्र्यांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा दत्तक संस्थांनी सांगितलेली ब्रीड आणि डीएनएतून दिसलेली ब्रीड बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत जुळली नाहीत. यात नवल नाही. केसांची लांबी, रंग, कानांची ठेवण या गोष्टी मोजक्या जनुकांवर ठरतात. बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांच्या संकरातून झालेली पिल्लं पुष्कळदा दोघांपैकी कुणासारखीच दिसत नाहीत, हे तर गेल्या शतकातच जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं.

तेव्हा “नक्की माहीत नाही हो, दत्तक घेतलाय. पाणी दिसलं की वेडा होतो,” हे उत्तर खरंही आहे आणि ऐकायला गोडही. समोरच्याने स्वतः अंदाज केला तर तो मोडून काढायची गरज नाही. “कान बघून तसं वाटतं खरं” म्हणावं. मुख्य म्हणजे ‘साधाच आहे’ असं ओशाळून सांगू नये. तुमच्या आवाजातला कमीपणा लोक बरोबर टिपतात आणि मग कुत्र्याकडेही तसंच बघतात.

“नाही हो, अजिबात चावत नाही”

“चावतो का हो?” हा हमखास विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत जास्त चुकीचं उत्तरही याचंच. समोरच्याचा धीर वाढावा म्हणून आपण छातीठोकपणे नाही म्हणतो. पण दुखलं, घाबरला, कोपऱ्यात सापडला, तर कुठलाही कुत्रा चावू शकतो. मग ब्रीड लॅब्रॅडॉर असो की चिवावा. ज्याला तुम्ही हमी दिली तो माणूस बेसावध होतो, कधी आपल्या लेकराला पुढे करतो, आणि कुत्र्याने नुसतं गुरगुरलं तरी दोष कुत्र्यावर येतो.

भीती वाटणाऱ्याला हमीपेक्षा अंतर जास्त उपयोगी पडतं. “आजवर कुणाला चावलेला नाही, पण तुम्हाला भीती वाटत असेल तर मी याला या बाजूला घेतो,” असं म्हणा आणि खरोखर घ्या. पट्टा आखडून, तुम्ही स्वतः मध्ये उभे राहून. घाबरणाऱ्या माणसाला “काही करत नाही हो, लावा हात” असा आग्रह करणं म्हणजे त्याच्यावरही जबरदस्ती आणि कुत्र्यावरही.

ज्याला हात लावायचा आहे त्याला कसा लावायचा तेही सांगा, कारण बहुतेक लोक वाकून थेट डोक्यावर हात नेतात. ते कुत्र्याला अंगावर आल्यासारखं वाटतं. “जरा बाजूला वळून उभे राहा, हात खाली ठेवा, त्याला येऊ द्या.” तो आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला दोन-तीन सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. त्याने पुन्हा अंग जवळ आणलं तर तो हो म्हणतोय. मान फिरवली, ओठ चाटले, विनाकारण जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, अंग ताठ झालं, तर नको म्हणतोय. लहान मुलांना हे समजावून सांगितलं तर ती मोठ्यांपेक्षा मन लावून पाळतात. मुलाने आधी “हात लावू का?” असं विचारलं तर त्याचं कौतुक जरूर करा, उत्तर ‘नको’ असलं तरीही: “किती छान विचारलंस! आज तो दमलाय, पण तू लांबून त्याला नावाने हाक मार.”

‘नको’ म्हणायला लाजणं ही या चुकीची दुसरी बाजू. लोक काय म्हणतील म्हणून घाबरट कुत्र्याला अनोळखी हातांसमोर उभं करू नका. “त्याला अनोळखी माणसांची सवय व्हायचीय, म्हणून लांबूनच” हे वाक्य तोंडपाठ ठेवावं. काही मालक कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळी रिबीन बांधतात. या कुत्र्याला मोकळी जागा हवी, असा त्याचा अर्थ. पण ती खूण सगळ्यांना ठाऊक नसते, म्हणून तोंडाने सांगणं सुटत नाही.

ब्रीडवरून स्वभावाची ग्वाही

“गोल्डन म्हणजे प्रेमळच”, “रॉटवायलर रागीटच” अशी वाक्यं आपणही सहज बोलून जातो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकीय नमुने त्यात होते. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे ९ टक्केच भाग ब्रीडने स्पष्ट होतो, असं त्यातून दिसलं. शिकण्याची ओढ किंवा हाकेला ओ देणं यात ब्रीडचा हात जरा जास्त, चटकन बिथरण्यात फारच कमी.

म्हणून कुणी “ही जात डेंजर असते ना?” असं विचारलं तर जातीची वकिली करण्यात दम घालवू नका. तुमच्यासमोर उभ्या असलेल्या कुत्र्याबद्दल बोला. “जातीचं माहीत नाही, पण ही मोठ्या आवाजाला घाबरते आणि म्हाताऱ्या माणसांजवळ शांत बसते.”

पिल्लू आणू पाहणाऱ्याला फक्त कौतुक ऐकवणं

“आम्हालाही असाच घ्यायचाय” हे वाक्य कानावर पडलं की थांबा. इथे गोड बोलण्यापेक्षा खरं बोलणं जास्त मायेचं आहे, कारण पुढची दहा-बारा वर्षं एका जिवाचं काय होणार ते यावर ठरू शकतं. चित्रपटात झळकलेल्या ब्रीडची मागणी पुढे कित्येक वर्षं वाढलेली राहते, असं अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नोंदणीच्या आकड्यांवरून दिसलं आहे. अशा वेळी तो कुत्रा रोज सांभाळणारा माणूस भेटणं फार मोलाचं.

पग किंवा फ्रेंच बुलडॉगच्या घोरण्याला लोक हसतात आणि मालकही “पग घोरतातच” म्हणून हसून सोडून देतात. तो आवाज आखूड नाकामुळे अरुंद झालेल्या श्वासमार्गाचा असतो आणि उकाड्यात तेच जिवावर बेतू शकतं. “गोड दिसतो, पण याला श्वासाचा त्रास आहे, दुपारी बाहेर काढताच येत नाही,” हे सांगितल्याने तुमच्या कुत्र्याचा अपमान होत नाही. हस्कीवाल्याने केस किती गळतात आणि रोज किती पळवावं लागतं ते सांगावं. ग्रेट डेनवाल्याने हे आयुष्य बहुधा सात ते दहा वर्षांचंच असतं, हेही सांगावं.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न तर हमखास येतो: “पूडलची अ‍ॅलर्जी होत नाही ना?” हो म्हणू नका. अ‍ॅलर्जी नुसत्या केसांची नसते. लाळ, कातडीचा कोंडा, लघवी यांतल्या प्रथिनांमुळे ती होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घरांमधल्या धुळीचे नमुने तपासले गेले, तेव्हा ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या ब्रीडच्या घरांत आणि इतर कुत्र्यांच्या घरांत फरक आढळला नाही. लॅब्राडूडलची, म्हणजे लॅब्रॅडॉर आणि पूडल यांच्या संकराची, गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी एका अंध बाईंसाठी हा संकर केला, कारण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. पहिल्या वेतातल्या तीन पिल्लांपैकी एकच त्या नवऱ्याला चाललं. तेव्हा सल्ला एवढाच द्यावा, की ज्या कुत्र्याला घरी आणायचंय त्याच्याच सहवासात आधी काही वेळ काढा आणि डॉक्टरांशी बोला.

टोचणाऱ्या प्रश्नाला टोचणारं उत्तर

“खायला घालत नाही का हो?” हे ग्रेहाउंडवाल्यांना ऐकावंच लागतं. विचारणाऱ्याला कुत्र्याची काळजी वाटते, म्हणून तो विचारतो. तेवढं लक्षात ठेवलं की राग निवळतो. “पळणाऱ्या कुत्र्यांची चरबी कमीच असते, शेवटच्या बरगड्या थोड्या दिसणं ठीक असतं” असं सांगा. निळ्या डोळ्यांच्या हस्कीबद्दल “दिसत नाही का याला?” असंही विचारतात; “रंगच तसा, नजर उत्तम आहे” म्हणून सोडून द्या. तोंडाला जाळी बघून “चावरा आहे वाटतं” म्हणणाऱ्याला सांगता येतं, की रस्त्यावरचं काहीबाही खाऊ नये म्हणूनही जाळी लावतात आणि या जाळीत तो धापही टाकू शकतो, पाणीही पिऊ शकतो.

किंमत विचारली तर सांगायलाच हवी असं नाही. “घेतला त्यापेक्षा सांभाळायलाच जास्त लागतं” म्हणून लसी, औषधं, खाणं याकडे विषय वळवता येतो. “विकत कशाला, दत्तक घ्यायचा ना!” या टोमण्यावर वाद घालू नका. तुमच्या कुत्र्याचा निर्णय होऊन गेलाय, त्याच्यासमोर आवाज चढवून काहीच साधत नाही.

बोलता बोलता कुत्र्याचा विसर

गप्पा रंगल्या की पट्टा सैल सुटतो आणि नजर माणसाकडे जाते. कुत्रा मात्र तिथेच ताटकळत असतो, आणि बिचकणारा असेल तर आतल्या आत तापत असतो. त्याला आधीच एक सवय लावून ठेवा: माणूस थांबला की तुमच्या पायाशी बसायचं आणि खाऊ मिळायचा. अनोळखी माणसाने खाऊ द्यायचा आग्रह धरला तर “त्याचं पोट नाजूक आहे” म्हणून तुमच्याच खिशातला द्या. तो ओढायला लागला, तुमच्या मागे लपला किंवा रस्त्याकडे बघत राहिला, तर वाक्य अर्धं असलं तरी निघा.

निघताना कारण कुत्र्याचंच सांगावं, कुणाला वाईट वाटत नाही: “याला आता चालायचंय, परत भेटलो की सांगतो.” घाई असली तर न थांबताही हसून “हा बीगल, नाव मोती!” एवढं ओरडून सांगता येतं. आणि आज बोलायचं त्राणच नसेल, तर वर्दळ कमी असते अशा वेळी किंवा आडवाटेने फिरायला जा.