सायप्रसमध्ये विषारी कूफी आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी साप वेगळे कसे ओळखावेत

सायप्रसमधले साप बघायचे तर मार्च ते मे हे महिने गाठा. उन्हाळा तापला की बरेच साप संध्याकाळनंतरच बाहेर पडतात आणि थंडीत दडी मारतात. घोट्याच्या वर येणारे बूट आणि दुर्बीण गृहीत धरतो.

जागा शोधणं सोपं आहे. ट्रूडोस डोंगराच्या उतारावरचे ओढे, द्राक्षमळ्यांचे जुने दगडी बांध, पडक्या भिंती. सकाळी ऊन अंगावर येताच बांधांवर मान वरखाली करणारे सरडे दिसतील. स्थानिक लोक त्यांना कुर्कुतास म्हणतात. दगड मात्र उलटू नका. उलटलेला दगड पुन्हा होता तसा बसत नाही आणि खालच्या जिवाचं घर मोडतं.

लांबलचक, चकचकीत काळा साप सळसळत गेला तर तो ब्लॅक व्हिप स्नेक. बिनविषारी, धामणीसारखा उंदीर खाणारा. त्याच्यापासून भीती नाही.

खरी अडचण पुढे आहे. बेटावर माणसाच्या जिवाला धोका असलेला जमिनीवरचा साप एकच : ब्लंट-नोज्ड वायपर, म्हणजे तिथली कूफी. आपल्या घोणसीच्याच कुळातली. हुबेहूब तिचं सोंग आणणारा बिनविषारी साप म्हणजे कॉइन स्नेक. दोघांचाही रंग मातकट-राखाडी, पाठीवर गडद डाग. या गोंधळात कॉइन स्नेक विनाकारण मारला जातो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ हा सल्ला विसरा. डिवचलेला कॉइन स्नेक डोकं चपटं करून त्रिकोणी करतो, फुत्कारतो, अंगावरही येतो. दुसरा आवडता सल्ला डोळ्यातल्या उभ्या बाहुलीचा. तोही अर्धवट आहे. मांजऱ्या सापाचा तिथला भाऊबंद कॅट स्नेक, त्याचीही बाहुली उभी असते, पण तो निमविषारी. उलट अंधुक उजेडात कूफीची बाहुली पसरून गोल वाटू शकते. हा टप्पा मलाही फार जड गेला होता.

मी बघतो डोक्याचा माथा. निदान तीन मीटर लांबून झूम करून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करा. कूफीच्या माथ्यावर बारीक, खरखरीत खवल्यांची दाटी असते, पाठीवरच्यासारखीच. कॉइन स्नेकच्या माथ्यावर मोठे, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सारखे बसवलेले खवले असतात, फरशी घातल्यासारखे. मग शेपूट बघा. कूफीचं अंग जाडजूड आणि शेपूट एकदम आखूड होतं. कॉइन स्नेक सडपातळ, शेपूट लांब निमुळती. कॉइन स्नेकचे डोळे मोठे, बाहुली गोल. या खुणा एकमेकींशी जुळल्या तरच नाव घ्या. फोटो अस्पष्ट असेल तर कूफीच समजा. फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका.

महाराष्ट्रातल्या वाचकांना कळकळीने सांगतो : माथ्याच्या खवल्यांची ही खूण इकडे लावू नका. घोणस आणि फुरशाला ती लागू पडते, पण नाग आणि मण्यार यांच्याही माथ्यावर मोठेच खवले असतात आणि दोन्ही जीवघेणे आहेत. सायप्रसच्या जमिनीवर नागाच्या कुळातला साप नाही, म्हणून तिथे ही खूण चालते.

ओढ्याकाठी उन्हाळ्यात जास्त जपा. कूफी पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांसाठी दबा धरते, कधी झुडपावरही चढून बसते. त्यामुळे हात टेकण्याआधी फांदी बघा.

चावलीच तर ११२ ला फोन. अंगठी, घड्याळ काढा, हातपाय हलवू नका. आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. साप पकडून दवाखान्यात न्यायची तर मुळीच गरज नाही. लांबून आधीच काढलेला फोटो असेल तर तो डॉक्टरांना दाखवा.