वाफेच्या इंजिनावर हात बसवताना: बडोद्यातल्या नव्या मुलांसाठी

जुन्या वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीला आलेल्या नव्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी रॉकेलचा डबा आणि चिंध्या दिल्या की तो दोन रविवार येतो आणि तिसऱ्या रविवारी दिसत नाही. दोष त्याचा नसतो. पुसापुशी लागतेच, पण आपण काय पुसतोय हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून प्रत्येक नव्या मुलाला किंवा मुलीला एक लहान पण पूर्ण वस्तू द्यावी: तेलाची कुपी, गेज ग्लासचा (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचा) कॉक, किंवा बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर. ती त्यांनीच खोलायची, साफ करायची, मोजायची, परत जोडायची आणि वाफेवर चाचणी होताना तिच्याजवळ हजर राहायचं. इंजिनाचं बाकीचं ज्ञान त्या एका वस्तूच्या मागोमाग येतं.

हे शिकायला बडोदा सोयीचं गाव आहे. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा सुमारे ३२ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग झाला. तेव्हा डबे बैल ओढत. जड रूळ घालून इंजिनं नियमित धावू लागायला १८७३ उजाडलं. प्रतापनगरचं वर्कशॉप १९१९ चं, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतलं. प्रतापनगर आणि डभोई, दोन्हीकडे नॅरोगेजचं जुनं सामान जपून ठेवलंय. आधी तिथे जाऊन तासभर नुसतं बघा. ७६२ मिलिमीटर गेजच्या इंजिनाचा एक मोठा फायदा असा की त्याचे बरेचसे भाग एका टनाच्या चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) उचलता येतात. ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी जातीच्या मोठ्या इंजिनावर शिकणाऱ्याला ही चैन नाही.

दुसरा फायदा आजच्या बडोद्याचा. कोयलीची रिफायनरी आणि नंदेसरीचे रासायनिक कारखाने यांमुळे बॉयलरचं वेल्डिंग करणारे आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजणारे लोक गावातच मिळतात. मकरपुरा जीआयडीसीत लाकडी पॅटर्न नेऊन दिला की गनमेटलचं कास्टिंग करून मिळतं. ज्या गावात हे नाही, तिथे एका कॉकसाठी महिने जातात.

बॉयलर काय म्हणतो ते आधी ऐका

इंजिन नुसतं उभं ठेवायचं की वाफेवर चालवायचं, हे उत्साहावर ठरवू नये. ते बॉयलर ठरवतो. चौथऱ्यावर उभं करायचं इंजिन नीट करणं हेही पुरेसं मोठं काम आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो गंजावरच ऑइल पेंट फासून चाकांना पांढरे पट्टे ओढण्यात.

रंग खरवडायच्या आधी एक छोटं काम जरूर करा. कॅबच्या आत किंवा नंबर प्लेटमागे, जिथे ऊन-पाऊस पोचलेला नाही अशा जागी, ओल्या पॉलिश पेपरने तीन-चार सेंटिमीटरचा गोल घासा. आधी ४०० नंबर, मग १२००. रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकाबाहेर एक दिसू लागतात. त्याचा फोटो घ्या. सँडब्लास्टिंग झाल्यावर ही माहिती कायमची गेली. घासताना तोंडाला मास्क हवा, कारण जुन्या रंगात शिसं असतं.

बॉयलरवरचं पत्र्याचं आवरण मात्र नव्या मुलांनी काढू नये. आत पांढरट-करडं, तंतुमय लेप असेल तर ते ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. ते कोरडं ओढून काढायचं नाही, झाडू मारायचा नाही. ओलं करून, माहीतगार ठेकेदाराकडून, नमुना तपासून काढायचं.

आवरण निघालं की बॅरलवर (बॉयलरच्या नळकांड्यावर) खडूने साधारण १५ सेंटिमीटरची चौकट आखून प्रत्येक चौकोनात जाडी मोजतात. बॅरलचा तळ, फायरबॉक्सच्या (आग जळते त्या पेटीच्या) खालच्या कडेला लागून असलेला पत्रा आणि वॉशआउट प्लगच्या (गाळ धुवायच्या बुचांच्या) भोवतालची जागा इथे चौकटी जवळजवळ आखा. खड्डे तिथेच पडतात, कारण गाळ तिथे बसतो. मूळ ड्रॉइंगवरच्या जाडीशी आकडे ताडून बघितल्याशिवाय पुढचा एकही रुपया खर्च करू नये.

फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे छोटे दांडे, असतात. एकाने बाहेरून जड हातोडी टेकवून धरायची आणि दुसऱ्याने आतून हलक्या हातोडीने ठोकायचं. धड स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला भद्द. कान तयार व्हायला दोनशे-तीनशे स्टे ठोकावे लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. पुष्कळ स्टेना बाहेरून पाचएक मिलिमीटरचं बारीक छिद्र पाडलेलं असतं. स्टे तुटला की त्यातून पाणी झिरपतं आणि तुटल्याची चुगली करतं. ते छिद्र रंगाने किंवा पुट्टीने बुजवणं हा गुन्हा समजावा.

फायरबॉक्सच्या माथ्यावर लेड प्लग असतो. पाणी माथ्याच्या खाली गेलं तर ३२७ अंशांना शिसं वितळतं आणि वाफ आगीवर सुटते. तो धोक्याचा इशारा आहे; आग विझवायचं यंत्र म्हणून त्यावर विसंबू नका.

दुरुस्तीनंतरची हायड्रॉलिक चाचणी इन्स्पेक्टर सांगेल त्या दाबावर होते, साधारण कामाच्या दाबाच्या सव्वा ते दीडपट. त्याआधी आतली सगळी हवा वरच्या कॉकमधून बाहेर काढलीच पाहिजे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलं तरी ते पिचकारीवर निभावतं. हवा अडकली असेल तर तुकडे उडतात. रेल्वेच्या मालकीचं इंजिन असेल तर तपासणी रेल्वेच करते, बाहेरचं असेल तर राज्याच्या बॉयलर खात्याकडे जावं लागतं. अठरा वर्षांखालच्या कुणालाही बॉयलरच्या आत उतरवू नये. मोठ्यांनीही उतरताना सगळे पाइप बंद करून, आतली हवा तपासून, बाहेर एक माणूस बसवून आणि २४ व्होल्टचाच दिवा घेऊन उतरावं.

नट आणि आटे

ब्रिटिश बनावटीच्या इंजिनांवर व्हिटवर्थ आटे असतात: कोन ५५ अंश, अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचाला १२ आटे. बाजारातला अर्ध्या इंचाचा यूएनसी (अमेरिकन मापाचा) बोल्ट १३ आट्यांचा, ६० अंशांचा. तो दोन-तीन फेरे बसतो, मग घट्ट होतो. नवा माणूस जोर लावतो आणि स्टडचे आटे जातात. म्हणून थ्रेड गेज खिशात असल्याशिवाय पान्हा उचलू नका. अडकलेला नट निघत नसेल तर नट कापा, स्टड वाचवा. प्रत्येक भागाला ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून नंबर द्या आणि त्याचे बोल्ट त्याच्याच सोबत डब्यात ठेवा.

कनेक्टिंग रॉड काढल्यावर पिस्टन दोन्ही टोकांना टेकेपर्यंत हाताने सरकवून स्लाइड बारवर खूण करायची. रॉड जोडल्यावर क्रॉसहेड (पिस्टनचा दांडा आणि रॉड जोडणारा, स्लाइड बारवर सरकणारा भाग) कुठपर्यंत जातो त्याचीही खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर दोन्ही बाजूंना जवळपास सारखं हवं, साधारण ६ ते १० मिलिमीटर. हे न करता बेअरिंग बदलली तर पिस्टन एका झाकणाकडे सरकून बसतो, आणि सिलिंडरमध्ये थोडं पाणी साचलं की झाकण फुटतं.

इंजेक्टर: पहिली वस्तू म्हणून सर्वांत चांगली

बॉयलरमधल्याच वाफेने बॉयलरमध्ये पाणी कसं ढकललं जातं, हे मुलांना जादूसारखं वाटतं. आत एकामागोमाग तीन कोन (इंग्रजी cone, म्हणजे निमुळत्या नळ्या) असतात. पहिल्यातून वाफ प्रचंड वेगाने सुटते आणि टाकीतलं पाणी ओढते. दुसऱ्यात ती त्या गार पाण्यात विरते आणि तिचा वेग पाण्याला मिळतो. तिसऱ्यात, म्हणजे डिलिव्हरी कोनमध्ये, वाट रुंद होत गेल्यामुळे तो वेग दाबात बदलतो आणि क्लॅक व्हॉल्व्ह (आतल्या बाजूलाच उघडणारी झडप) उघडून पाणी आत शिरतं. वाफ विरलीच नाही तर सगळा खेळ संपला.

इथे बडोद्याचा मे महिना मध्ये येतो. बाहेर ४२ अंश, साइड टँक उन्हात आणि शिवाय बॉयलरच्या कुशीत. टाकीतलं पाणी ४५ अंशांच्या पुढे गेलं की बरेच इंजेक्टर पाणी उचलत नाहीत, ओव्हरफ्लोमधून नुसती वाफ आणि कढत पाणी थुंकतात. नवा फायरमन घाबरून वाफ पुन्हा पुन्हा उघडतो, त्याने इंजेक्टर आणि टाकी दोन्ही आणखी तापतात. वाफ बंद करा, इंजेक्टरच्या अंगावर ओली चिंधी टाका, टाकीत गार पाणी भरा, मग एकदाच नीट उघडा. इंजिन सावलीत उभं करणं हा त्याहून सोपा उपाय.

पाणी गार असूनही इंजेक्टर चालत नसेल तर तीन गोष्टी बघायच्या. पाण्याच्या पाइपच्या जोडातून हवा शिरते का: जोडाभोवती ग्रीस चोपडून बघा, लगेच उचलला तर हवाच होती. सगळं बंद असताना अंग तापलेलं आहे का: असेल तर वाफेचा व्हॉल्व्ह किंवा क्लॅक गळतोय. दोन्ही ठीक असेल तर कोनमध्ये क्षार बसलेत, विशेषतः बोअरचं पाणी वापरलं असेल तर.

कोन काढायला तांब्याचा किंवा कडक लाकडाचा दांडा वापरा, लोखंडी नको. पाच टक्के सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून विसळा. आत तार, ड्रिल, एमरी काही घालायचं नाही. एका ओरखड्याने धार फाटते. मग सर्वांत अरुंद जागेचा व्यास मोजा. इंजेक्टरचा नंबर म्हणजे बहुधा डिलिव्हरी कोनचा मिलिमीटरमधला व्यास. ८ नंबरचा कोन साडेआठ भरला तर साफसफाई पुरणार नाही, नवा कोन लेथवर काढावा लागेल. ड्रॉइंग काढा, त्यावर मापं लिहा, तारीख टाका. जिने हे एकदा केलं तिला बॉयलर, टाकी, वाफ, पाण्याची प्रत आणि लेथ, पाचही गोष्टींची तोंडओळख झालेली असते.

गेज ग्लास

फूटप्लेटवर (इंजिन चालवायच्या जागी) चढणाऱ्याला हे झोपेतही यायला हवं. पाण्याचा कॉक बंद करून खालचा ड्रेन उघडा: जोरात वाफ यायला हवी. वाफेचा बंद करून पाण्याचा उघडा: जोरात पाणी यायला हवं. मग ड्रेन बंद करून दोन्ही उघडा. पाणी उसळून झटकन जागेवर यायला हवं. रेंगाळत चढलं तर वाट तुंबलीय आणि काचेतली पातळी खोटी आहे. दुसऱ्या काचेशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर आग पाडायची (खाली काढून टाकायची), वाद घालायचा नाही.

आग लावतानाची घाई हा सर्वांत महागडा छंद आहे. लहान इंजिनालाही थंड अवस्थेतून पुरा दाब यायला चार-पाच तास द्या. दर चौरस इंचाला १६० पौंड दाबावर आतलं पाणी सुमारे १८८ अंशांवर असतं. तिथवर पत्रा, ट्यूब आणि स्टे एकसारखे तापले नाहीत तर ट्यूबची टोकं गळू लागतात. मग कुणीतरी एक्स्पांडर (ट्यूबचं तोंड फुलवायचं हत्यार) घेऊन त्या पुन्हा पुन्हा फुलवतो आणि ट्यूबप्लेटला, म्हणजे ट्यूब बसवलेल्या पत्र्याला, चिरा पडतात.

पोटापाण्याचं

स्पष्टच सांगायचं तर नुसत्या वाफेच्या इंजिनावर घर चालेल अशा जागा भारतात मोजक्या आहेत: रेवाडीचं शेड, दार्जिलिंग, निलगिरी आणि निलगिरीची इंजिनं बांधणारं त्रिचीचं गोल्डन रॉक वर्कशॉप. म्हणून शिक्षण असं घ्या की कारखान्यातही चालेल. दहावीनंतर गोरवा किंवा तरसालीच्या आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर. त्यानंतर रेल्वेची अप्रेंटिसशिप. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र राज्याच्या बॉयलर खात्याच्या परीक्षेतून मिळतं आणि नंदेसरीत त्याला मागणी आहे. इंजिनिअरिंगला जायचं तर १८९० चं कलाभवन गावातच आहे, आणि लालबागेत गतिशक्ती विश्वविद्यालय. आमचं मत विचाराल तर चांगला टर्नर या कामात पदवीधरापेक्षा लवकर उपयोगी पडतो.

रविवारी येताना सुती कपडे, चामड्याचे बूट, वही. नायलॉनचा शर्ट ठिणगीने अंगाला चिकटतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या आणि त्यांना तेलकुप्या, कॉक, पितळी सामान, मोजमाप, नोंदी ही कामं द्या.

पावसाळा

उभ्या इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू जूनमध्ये येतो. चिमणीतून पाऊस तिच्याखालच्या स्मोकबॉक्समध्ये पडतो, काजळीतल्या गंधकाशी मिसळून त्याचं आम्ल होतं आणि स्मोकबॉक्सचा तळ दोन-तीन पावसाळ्यांत चाळणीसारखा होतो. म्हणून आधी काजळी खरवडून काढा, ट्यूबमधून ब्रश फिरवा, मगच चिमणीवर पत्र्याची टोपी बसवा. बॉयलर पूर्ण रिकामा करून, कोरडा करून, आत कळीच्या चुन्याच्या थाळ्या ठेवून बंद करतात. चुना फुलून भुकटी झाला की बदलायचा. थाळ्या किती ठेवल्या ते बाहेर लिहून लावा, कारण दिवाळीनंतर पाणी भरताना एक तरी आत राहते.

टोपीचंही तसंच. ती काढायची राहून आग पेटवली तर धूर आणि ज्वाळा फायरहोलमधून थेट पेटवणाऱ्याच्या तोंडावर येतात. यासाठी टोपी बसवतानाच एक लाल पट्टी रेग्युलेटरच्या (वाफ सोडायच्या) दांड्याला बांधा. टोपी ज्याने उतरवली त्यानेच ती पट्टी सोडून कॅबमधल्या खिळ्याला अडकवायची.