नेदरलँड्समध्ये सायकल घेतलीत? आधी ट्रकची उजवी बाजू ओळखा

इथे आल्यावर महिन्याभरात घरात सायकल येते. कुलूप कुठलं घ्यावं, जुनी बरी की नवी, मुलाची सीट पुढे लावावी की मागे, यावर आपल्या लोकांच्या ग्रुपवर रात्ररात्र चर्चा चालते. सिग्नलला ट्रकच्या शेजारी कुठे थांबायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. दर वर्षी उन्हाळ्यानंतर नवी कुटुंबं येतात आणि दर वर्षी कोणीतरी आपलंच माणूस, मागच्या सीटवर मूल घेऊन, कंटेनरच्या चाकाला खेटून उभं दिसतं. माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे लिहितेय.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. वळताना हात दाखवा. सायकल चालवताना फोन हातात धरायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडा, नाहीतर चाक अडकतं. पेडल उलटं फिरवून ब्रेक लागणारी सायकल असेल तर पहिले चार दिवस रिकाम्या गल्लीत सराव करा.

आता ट्रक. आपण जन्मभर डावीकडून चाललेली माणसं. इथे वाहतूक उजवीकडून, ड्रायव्हर केबिनमध्ये डावीकडे बसतो आणि सायकलवाला त्याच्या उजवीकडे असतो. म्हणजे तुम्ही त्याच्यापासून लांबच्या बाजूला, आणि त्याच्या खिडकीच्या कडेपेक्षा खाली. अशा न दिसणाऱ्या जागेला डच लोक ‘डोडे हूक’ म्हणतात, शब्दशः मेलेला कोपरा. पण तो एकच कोपरा नसतो. उजव्या दाराखालची जागा, तिथून मागे पसरत जाणारा पट्टा, केबिनच्या अगदी नाकासमोरची जागा आणि ट्रेलरची पाठ, एवढं सगळं त्यात येतं. उजवीकडच्या जागेसाठी जादा आरसा किंवा कॅमेरा इथे २००३ पासून सक्तीचा आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या ट्रकना शेजारच्या सायकलस्वाराची सूचना देणारी यंत्रणाही लागते. पण रस्त्यावर जुने ट्रक भरपूर आहेत, आणि वळताना ड्रायव्हरला सगळे आरसे, सिग्नल आणि पादचारी दोनच डोळ्यांनी बघायचे असतात. आरशात तुम्ही दिसत असाल, पण त्या क्षणी तो त्याच आरशात बघत असेलच असं नाही.

माझी चूक सांगते. पहिलाच नोव्हेंबर, भुरभुर पाऊस, लाल सिग्नल. पुढे लांब ट्रेलर उभा होता, इंडिकेटर बंद. उजवीकडची सायकलची पट्टी मोकळी होती, म्हणून मी सरळ केबिनच्या दारापर्यंत जाऊन थांबले. हिरवा झाला आणि ट्रक आधी थोडा डावीकडे सरकला. मला वाटलं, मला जागा देतोय. मी पेडल मारलं. खरं तर उजवीकडे वळण्यासाठी तो मोठा वळसा घेत होता. केबिन माझ्यापासून लांबून गेली, आणि मग ट्रेलर माझ्याकडे सरकत आला. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, कोपऱ्याच्या बाजूने आत कापत येतात. मी फुटपाथवर पडले, सायकल चाकाखाली गेली. घोट्याची दोन हाडं मोडली. कोणीतरी ओरडेपर्यंत ड्रायव्हरला काहीच कळलं नव्हतं. तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला आणि रडायला लागला.

कायद्याने मी बरोबर होते. त्याच रस्त्यावर सरळ जाणाऱ्याला वळणाऱ्याने वाट द्यायची असते. सायकलस्वार आणि मोटारवाहनाच्या अपघातात नुकसानभरपाईचा भार बहुतेकदा मोटारवाल्यावर येतो, ते वाहतूक कायद्याच्या १८५व्या कलमात आहे. घोटा अजूनही थंडीत ठणकतो.

त्यामुळे ‘इथे सायकलवाल्याचंच राज्य’ असं गणपतीच्या जेवणात तुम्हाला कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. हे सांगणारे बहुतेक जण स्वतः कारने ऑफिसला जातात. उजवीकडून येणाऱ्या सायकलला अग्रक्रम मे २००१ पासून आहे, तोही चिन्हं किंवा रस्त्यावरचे पांढरे त्रिकोण वेगळं सांगत नसतील तरच. आणि अग्रक्रम दिसण्यावर अवलंबून असतो.

तर असं करा. ट्रक थांबलेला असेल तर त्याच्या मागेच थांबा, निदान तीन मीटर अंतर ठेवून, उजव्या कडेला, त्याचा इंडिकेटर दिसेल असं. पट्टी कितीही मोकळी असो, उजवीकडून पुढे घुसू नका. सायकलींसाठी आखलेल्या पुढच्या चौकोनात आधीच पोहोचला असाल तर अगदी पुढच्या रेषेपर्यंत जा, मागे वळून ड्रायव्हरचा चेहरा दिसला पाहिजे. तुम्ही उभे असताना ट्रक शेजारी आला तर उतरा आणि सायकल फुटपाथवर घ्या. ट्रक डावीकडे सरकला तर तो उजवीकडे वळणार असंच धरून चाला. डच माणसं शेजारून सुसाट जातील. त्यांचं बघून जाऊ नका, हे अपघात त्यांचेही होतात. एक सिग्नल चुकला तर चुकू दे.

तुम्ही कार चालवायला लागाल तेव्हा उजवीकडे वळण्याआधी खांद्यावरून मागे बघा. शेजारी बसलेल्याने दार डाव्या हाताने उघडावं, म्हणजे मान आपोआप मागे वळते.

मुलांच्या बाबतीत मात्र या देशाचं मनापासून कौतुक वाटतं. माझ्या मुलीच्या शाळेत पटांगणात खरा ट्रक आणला होता. न दिसणाऱ्या जागांवर रंगीत कापडं अंथरली, वर्गातली सगळी मुलं उजवीकडच्या कापडावर उभी केली आणि एकेकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, मला अख्खा वर्ग दिसला नाही.” तुमच्या मुलांच्या शाळेत असा दिवस असेल तर पालकांना येता येईल का, ते विचारा, आणि संधी मिळाली तर त्या सीटवर स्वतः बसून बघा.